फौजदारी न्यायव्यवहारातील मूलभूत मराठी संज्ञा : नागपूर प्रांताच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मराठेशाहीतील एखादा न्यायविषयक मोडी कागद आणि नागपूरच्या जिल्हा न्यायालयातील आजच्या फौजदारी प्रकरणाचे कागद शेजारी ठेवून वाचले, तर त्यांतील कितीतरी शब्द समान असल्याचे आढळते. फिर्याद, जबाब, पंच, जामीन, मुचलका, साक्ष, शिक्षा हे शब्द दोन्हीकडे भेटतात. त्यावरून न्यायव्यवहाराची एक अखंड परंपरा चालत आली असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात शब्द टिकले. परंतु त्यांच्यामागची संस्था आणि अनेकदा त्यांचा अर्थही बदलला. जुना कागद आजच्या अर्थाने वाचणारा अभ्यासक चुकीच्या अनुमानाला पोहोचतो, आणि आजचा कायदा जुन्या किंवा बोलीतील अर्थाने समजून घेणाऱ्या सामान्य माणसाला त्याची किंमत मोजावी लागते.

फौजदारी प्रक्रियेतील संज्ञांचा कोशवजा परिचय करून देणाऱ्या पुस्तिका पुष्कळ आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे अभिप्रेत नाही. काही मोजक्या संज्ञांच्या अर्थांतराचा मागोवा घेणे, आणि नागपूरसारख्या दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या न्यायकेंद्रात या संज्ञांचे काय झाले ते पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'फौजदारी' आणि 'गुन्हेगारी'

'फौजदारी' हे या शाखेचे नावच मुळात न्यायालयीन नाही. मोगल राज्यव्यवस्थेत फौजदार हा लष्करी अधिकारी होता आणि मुलखात बंदोबस्त राखणे हे त्याचे काम होते. दिवाण हा महसुलाचा अधिकारी. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली आणि १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेनुसार जिल्ह्याजिल्ह्यांत दिवाणी अदालत व फौजदारी अदालत अशी विभागणी झाली. मालमत्तेचे तंटे एकीकडे आणि अपराध दुसरीकडे ही आज नैसर्गिक वाटणारी वाटणी अशा रीतीने दोन अधिकाऱ्यांच्या पदनामांवरून रूढ झाली. मराठी बोलीत पुढे 'फौजदार' पोलीस उपनिरीक्षकापर्यंत खाली उतरला, हा त्या शब्दाचा आणखी एक प्रवास.

मराठेशाहीत ही वाटणी इतकी रेखीव नव्हती. याचा उत्तम पुरावा 'गुन्हेगारी' या शब्दात मिळतो. आज गुन्हेगारी म्हणजे अपराधांचे प्रमाण किंवा अपराधी प्रवृत्ती. जुन्या कागदांत मात्र गुन्हेगारी म्हणजे दंडाची रक्कम. वतनाच्या किंवा हद्दीच्या तंट्यात जिंकणाऱ्या पक्षाकडून सरकार 'हरकी' घेई आणि हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी' घेई. हरणारा कोणत्याही अर्थाने चोर-दरोडेखोर नसे. त्याने खोटा दावा सांगितला, एवढाच त्याचा गुन्हा. जमाखर्चाच्या कागदांत गुन्हेगारी ही जमेची बाब म्हणून येते. तेव्हा एखाद्या परगण्याच्या ताळेबंदात गुन्हेगारीची रक्कम वाढलेली दिसली म्हणून तेथे अपराध वाढले होते असे लिहिणे धोक्याचे आहे. कदाचित त्या वर्षी वतनाचे तंटेच अधिक निकालात निघाले असतील.

शिवकाळात राजव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा पद्धतशीर प्रयत्न दहा वर्गांत केला. तरीही पेशवेकालीन न्यायकागदांत फारसी-अरबी शब्दच मोठ्या प्रमाणावर वापरात राहिले. कारकुनांची सवय हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की फिर्याद किंवा जामीन हे शब्द तोवर रयतेच्या तोंडी बसले होते आणि त्यांचे परकेपण कोणाला जाणवत नव्हते.

फिर्याद, दखल आणि जबाब

'फिर्याद' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक असा आहे. राजाच्या दारी जाऊन दाद मागणे हा त्याचा पुढचा अर्थ. आजच्या प्रक्रियेत मात्र फिर्यादीला दोन वेगळी रूपे आहेत आणि दोन्हींना एकच शब्द चालतो. कायद्यातील फिर्याद म्हणजे दंडाधिकाऱ्याने कार्यवाही करावी म्हणून त्याच्याकडे तोंडी वा लेखी केलेले कथन. पोलिसांचा अहवाल या व्याख्येतून वगळलेला आहे. व्यवहारातील फिर्याद म्हणजे पोलीस ठाण्यात दिलेली पहिली खबर. ठाण्यात खबर देणारा स्वतःला फिर्यादी समजतो आणि खटला आपला आहे असे मानतो. प्रत्यक्षात पोलिसांनी चालविलेल्या खटल्यात पक्षकार शासन असते आणि खबर देणारा साक्षीदारांच्या यादीतील एक साक्षीदार असतो. 'माझाच खटला आणि मलाच बोलू देत नाहीत' हा न्यायालयाच्या आवारात ऐकू येणारा उद्वेग बऱ्याच अंशी या एका शब्दातून जन्मतो.

'दखलपात्र' आणि 'अदखलपात्र' या जोडीचेही तसेच आहे. हिंदीने 'संज्ञेय' हा संस्कृत शब्द घेतला. मराठीने 'दखल' हा लोकांच्या परिचयाचा शब्द घेतला. परिचयाचा शब्द घेणे केव्हाही इष्टच, पण येथे परिचयच आड येतो. बोलीत 'दखल न घेणे' म्हणजे लक्ष न देणे. त्यामुळे 'तुमची तक्रार अदखलपात्र आहे' असे ऐकले की तक्रारदार आपले काहीच होणार नाही असे समजून परततो. कायद्याचा अर्थ इतकाच, की अशा अपराधात दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. खबरीचा सारांश नोंदवहीत घेणे आणि खबर देणाऱ्याला दंडाधिकाऱ्याकडे पाठविणे हे पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. ते १९७३ च्या संहितेच्या कलम १५५ मध्ये होते आणि २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्येही आहे. दखलपात्र अपराधाची खबर नोंदविणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले, तेव्हा ही सीमारेषा अधिकच महत्त्वाची झाली.

'जबाब' हा शब्द सर्वांत अधिक भार वाहतो. अरबी मूळ अर्थ उत्तर. पेशवाईत वादी-प्रतिवादींच्या कथनांना 'तकरीर' आणि 'करीना' असे स्वतंत्र शब्द होते. ते आता फक्त दप्तरखान्यात उरले आहेत. त्यांची जागा एकट्या जबाबाने घेतली. पोलिसांसमोर साक्षीदाराने सांगितलेले तेही जबाब, दंडाधिकाऱ्यासमोर नोंदविलेले तेही जबाब, आणि अपराध कबूल केला तर तो कबुलीजबाब. नागपूरकडे त्याला 'बयाण' म्हणतात, पण घोटाळा तोच. या तिन्हींचे पुराव्यातील मोल अत्यंत भिन्न आहे. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायची नसते आणि खटल्यात त्याचा उपयोग मुख्यतः साक्षीदाराच्या कथनातील विसंगती दाखविण्यापुरता असतो. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हा १८७२ च्या पुरावा अधिनियमाचा नियम नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. 'पोलिसांसमोर गुन्हा कबूल केला' अशी बातमी वाचणाऱ्या वाचकाला मात्र निकाल लागल्यासारखे वाटते.

जबाब देण्यासाठी ठाण्यात जाणे ही केवढी गंभीर गोष्ट ठरू शकते, हे विदर्भाने पाहिलेले आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात भावाच्या तक्रारीवरून काही जणांचे जबाब घेण्यात आले. त्यांत एक आदिवासी मजूर मुलगी होती. जबाब झाल्यावर इतरांना जाण्यास सांगून तिला ठाण्यात थांबवून घेतले गेले आणि दोन पोलीस कर्मचाऱ्यांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. 'संभोग' आणि 'बलात्कार' यांत मोठे अंतर आहे, असा त्या निकालाचा युक्तिवाद होता. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरविला. संमती वेगळी आणि भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे वेगळे, असा भेद खंडपीठाने केला आणि आरोपींना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो भेद अमान्य करून पुन्हा निर्दोष मुक्तता केली. १९७९ मध्ये उपेन्द्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधी-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांचा आक्षेप प्रामुख्याने 'संमती' या शब्दाच्या अर्थाबद्दलच होता. १९८३ च्या दुरुस्तीने पोलिसांच्या ताब्यातील बलात्काराच्या खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नसल्याचे सांगितले, तर ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे अशी तरतूद आली. एका संज्ञेच्या अर्थावर नागपूरने घेतलेली भूमिका दिल्लीत नाकारली गेली आणि पाच वर्षांनी संसदेने तिचा आशय कायद्यात आणला. स्त्रीला जबाबासाठी तिच्या राहत्या जागेव्यतिरिक्त अन्यत्र हजर राहण्यास सांगू नये, हा नियम १९७३ च्या संहितेच्या कलम १६० मधून आता नव्या संहितेच्या कलम १७९ मध्ये आला आहे.

पंच : न्याय देणारा ते सही करणारा

मराठेशाहीतील पंच हा निवाडा करणारा होता. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात गोतसभा, मजलस, महजर आणि पंचाईत यांचा जो तपशील दिला आहे, त्यावरून तंट्यातील दोन्ही पक्ष पंचांचा निर्णय मान्य असल्याबद्दल आधी 'राजीनामा' लिहून देत आणि तो पाळण्याबद्दल जामीन देत, असे दिसते. म्हणजे त्या काळचा राजीनामा हा सोडण्याचा कागद नव्हता, बांधून घेण्याचा होता. हरणाऱ्याने निकाल मान्य केल्याचा जो कागद लिहून द्यावयाचा तो यजितखत. पंचाईत प्रामुख्याने दिवाणी स्वरूपाच्या तंट्यांत वापरली जाई, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. चोरी, दरोडा, खून अशा बाबींत पाटील, कमाविसदार आणि वरचे अधिकारीच अधिकार चालवीत. माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीच्या १८१९ च्या अहवालात पंचाईतीचे गुणदोष सविस्तर नोंदविले आहेत. पुण्यास जाण्यापूर्वी हाच एल्फिन्स्टन नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट होता.

ब्रिटिश प्रक्रियेत पंचाचे आसन गेले, नाव राहिले. १८९८ च्या संहितेतील कलम १०३ प्रमाणे झडतीच्या वेळी त्या परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना बोलावणे आवश्यक झाले. कायद्याने त्यांना साक्षीदार म्हटले. मराठी मुलखाने त्यांना पंच म्हटले आणि त्यांच्या सहीच्या कागदाला पंचनामा म्हटले. हा शब्द केंद्रीय संहितेच्या इंग्रजी मजकुरात शोधून सापडत नाही, आणि तरीही त्याच्यावाचून महाराष्ट्रातील एकही तपास पुरा होत नाही. घटनास्थळाचा, जप्तीचा, अटकेचा, मृतदेहाचा असे त्याचे प्रकार रूढ झाले. पूर्वी पंच ऐकत, विचारत आणि ठरवीत. आता पंच पाहतो आणि सही करतो. कित्येकदा तो पाहतही नाही, ही न्यायालयांची जुनी तक्रार आहे. ठाण्याच्या आसपास वावरणारा तोच तो 'कायमचा पंच' उलटतपासणीत टिकत नाही आणि त्याच्याबरोबर मुद्देमालाची जप्तीही संशयास्पद ठरते. नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे. त्यामुळे पंचाची साक्ष कितपत अनिवार्य राहील, याचे उत्तर यापुढील निकालांतून मिळेल.

न्यायालयात जबाबाविरुद्ध बोलणाऱ्या पंचाला वा साक्षीदाराला मराठी वृत्तपत्रे 'फितूर' म्हणतात. मराठ्यांच्या इतिहासात फितूर म्हणजे स्वामिद्रोह, शत्रूला जाऊन मिळणे. पुरावा कायदा अशा साक्षीदारासाठी कोणतेही विशेषण वापरत नाही. ज्या पक्षाने त्याला बोलावले त्या पक्षाला त्याची उलटतपासणी घेण्याची अनुमती न्यायालय देऊ शकते, इतकेच कायदा म्हणतो. आठ-दहा वर्षांनी न्यायालयात उभा केलेला, दरम्यान आरोपीच्याच गावात राहिलेला आणि पुष्कळसे विसरलेला माणूस या एका शब्दाने द्रोही ठरतो. हा शब्द टाळता येण्याजोगा आहे.

जामीन : माणूस ते आदेश

अरबीत 'जामीन' म्हणजे हमी घेणारी व्यक्ती. जुन्या मराठीतही जामीन हा माणूसच असे. हजर करण्याची हमी घेणारा हाजिर जामीन, चांगल्या वागणुकीची हमी घेणारा वर्तणूक जामीन, रकमेची हमी घेणारा माल जामीन. आज 'जामीन मिळाला' म्हणजे सुटकेचा आदेश मिळाला. माणसाचे नाव आदेशाला गेल्यामुळे माणसासाठी 'जामीनदार' हा नवा शब्द घडवावा लागला. मुळात जो स्वतःच हमीदार त्याला पुन्हा 'दार' हा प्रत्यय लागला, हे भाषेच्या दृष्टीने मौजेचे आहे. मुचलका, म्हणजे लिहून दिलेले बंधन, हा शब्द मात्र फारसा बदललेला नाही. स्वतःपुरता असेल तर तो जातमुचलका.

अर्थ बदलला तरी जुन्या अर्थाची सावली गेली नाही. जामीन म्हटले की जामीनदार हवाच, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. १९७३ च्या संहितेने जामीनपात्र अपराधाची व्याख्या केली होती, जामिनाची केली नव्हती. १९७८ च्या मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आरोपी गवंडीकाम करणारा होता. दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि आरोपीच्या भावाची हमी, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, जामिनात जामीनदारासह आणि जामीनदाराशिवाय अशा दोन्ही प्रकारची सुटका येते, असा अर्थ लावला. २००५ च्या दुरुस्तीने जामीनपात्र अपराधात अटकेपासून एका आठवड्यात जामीन देऊ न शकणाऱ्यास निर्धन मानून जामीनदाराविना सोडण्याची तरतूद केली. जामिनाची प्रत्यक्ष व्याख्या मात्र २०२३ च्या संहितेतच प्रथम आली, आणि तीत जामीनदारासह व जामीनदाराविना अशा दोन्ही बंधपत्रांचा समावेश आहे. १८६१ मध्ये पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता झाल्यापासून एवढ्या मूलभूत संज्ञेची व्याख्या होण्यास १६२ वर्षे लागली. दरम्यान आदेश हाती असूनही जामीनदार न मिळाल्याने तुरुंगात राहिलेले कच्चे कैदी हा या अर्थसंदिग्धतेचाही परिणाम म्हणावा लागेल.

नागपूरची द्वैभाषिक परंपरा

भोसल्यांचा कारभार मराठीत, मोडी लिपीत चालत असे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली. प्रांताची राजधानी नागपूर. पण प्रांत अर्धा हिंदी आणि अर्धा मराठी. वऱ्हाड १९०३ पासून याच प्रशासनाला जोडले गेले. जानेवारी १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय सुरू झाले तेव्हा त्याच्यापुढे जबलपूरकडचे हिंदी कागद आणि वर्धा-अमरावतीकडचे मराठी कागद असे दोन्ही येत. निकाल अर्थातच इंग्रजीत. सुनावणीच्या तारखेला वैदर्भीय माणूस आजही 'पेशी' म्हणतो आणि जामिनाला 'जमानत' म्हणतो, त्याला ही पार्श्वभूमी आहे. पुण्याकडील वकिलाला हे शब्द हिंदी वाटतात. विदर्भात ते घरचे आहेत.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत-वऱ्हाड शासनाने परिभाषेचे काम डॉ. रघुवीर यांच्याकडे सोपविले आणि नागपूर हे भारतीय परिभाषानिर्मितीचे एक प्रमुख केंद्र बनले. संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या आधारे घडविलेली एकच परिभाषा हिंदी आणि मराठीला पुरावी, ही त्यांची भूमिका. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूर उच्च न्यायालयाच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले आणि १९६० नंतर मराठी परिभाषेचे काम मुंबईच्या भाषा संचालनालयाकडे गेले. संचालनालयाने मधला मार्ग स्वीकारला. खटला, फिर्याद, जामीन, दखल हे रूढ शब्द ठेवले; जेथे सूक्ष्म भेद करावयाचा तेथे अन्वेषण, संपरीक्षा, दोषारोप, सिद्धदोष असे संस्कृत शब्द घेतले. तपास म्हणजे अन्वेषण हे कळते. खटल्याच्या सुनावणीला संपरीक्षा म्हणतात हे मात्र वकिलांनाही शब्दकोश पाहूनच सांगावे लागते.

या संमिश्र धोरणातून एक गंभीर संघर्ष उद्भवला, तो 'दोषमुक्त' या शब्दाचा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या अधिकृत मराठी पाठात दोषमुक्ती म्हणजे पुरावा ऐकून आरोपीला निर्दोष सोडणे. दोषारोप ठेवण्यापूर्वीच, पुरेसा आधार नाही म्हणून सोडणे यासाठी तेथे 'विनादोषारोप सोडणे' असा शब्दप्रयोग आहे. मराठी वृत्तपत्रांनी नेमके उलट केले. तेथे 'दोषमुक्तीसाठी अर्ज' म्हणजे दोषारोपापूर्वीच्या सुटकेचा अर्ज, आणि अंतिम सुटकेला 'निर्दोष मुक्तता'. दोन्हींचा परिणाम एकच असता तर हा वाद केवळ शब्दांचा राहिला असता. पण निर्दोष मुक्तता कायम असेपर्यंत त्याच अपराधासाठी पुन्हा खटला चालविता येत नाही; विनादोषारोप सुटलेल्या व्यक्तीला हे संरक्षण नाही, नवा पुरावा आल्यास तिच्याविरुद्ध पुन्हा कार्यवाही होऊ शकते. वृत्तपत्रातील दोषमुक्त वाचून घरी निश्चिंत बसलेला माणूस संहितेतील दोषमुक्त नसतो. दोहोंपैकी कोणता अर्थ टिकवायचा हा निर्णय संचालनालय, विधी विभाग आणि वृत्तपत्रे यांनी एकत्र बसून घ्यावयास हवा होता. तसा तो झालेला दिसत नाही.

२१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरल्यानंतर या संज्ञा प्रत्यक्ष निकालपत्रांत येऊ लागल्या. १ जुलै २०२४ पासून नवे तीन कायदे लागू झाले, पण त्या दिवशी प्रलंबित असलेल्या खटल्यांची सुनावणी जुन्या संहितेप्रमाणेच पुढे चालते. परिणामी एकाच न्यायकक्षात सकाळी जुन्या कलमाचा आणि दुपारी नव्या कलमाचा खटला चालतो. खुनाचे कलम ३०२ आता १०३ झाले आहे आणि फसवणुकीचे ४२० हे ३१८ च्या चौथ्या पोटकलमात गेले आहे. मराठी बोलीत 'चारशेवीस' हे केव्हाच विशेषण झालेले असल्याने ते मात्र संहितेबरोबर रद्द झालेले नाही.